ट्रेवर्नच्या बाजाराची सेक्रेटरी

वैजयंती करंदीकर ट्रेवर्नच्या गुरांच्या बाजारात पहिल्यांदा शिरली ती गाडी वळवायला जागा शोधत. नवऱ्याची, उदयची, नोकरी वेल्समधल्या कार्डिफमध्ये, पण तिथे मनासारखं घर मिळेना, म्हणून तासाभराच्या अंतरावर, डोंगर सुरू होतात तिथल्या या गावात त्यांनी बिऱ्हाड थाटलं होतं. मुलगी तनिषा तेव्हा कडेवर होती. दूध आणायला निघालेली वैजयंती वळण चुकून बाजाराच्या आवारात आली. समोर ट्रेलरमधून काळ्याभोर, शिंगं वर वळलेल्या गाई एकामागून एक उतरत होत्या. ओल्या पेंढ्याचा आणि ताज्या शेणाचा वास तिच्या नाकात गेला आणि ती गाडीतून उतरली.

तिचे वडील म्हसवडला सरकारी दवाखान्यात गुरांचे डॉक्टर होते. सुट्टीत त्यांच्या जीपमध्ये बसून ती गोठ्यागोठ्यांतून हिंडलेली. पुढे पुण्यात कॉलेज, बँकेतली नोकरी, लग्न, विमान. मधल्या एवढ्या वर्षांत हा वास तिला कुठे भेटलाच नव्हता. तनिषाला घेऊन ती कठड्यापाशी उभी राहिली ती दूध विसरूनच गेली.

"घ्यायला आलीस की बघायला?" कठड्यापलीकडून एका उंच, खांद्यात वाकलेल्या माणसाने विचारलं.

"बघायला," ती म्हणाली. मग न राहवून बोट करून विचारलं, "ही गाभण आहे ना? कितवा महिना?"

त्या माणसाने टोपी मागे सारून तिच्याकडे नीट पाहिलं. "सातवा," तो म्हणाला. "माझीच आहे. सेरेन तिचं नाव. आमच्या भाषेत सेरेन म्हणजे तारा."

हा एल्विन प्रॉसर. त्या खोऱ्यात वेल्श ब्लॅक जातीची गुरं पाळणाऱ्यांचा जो संघ होता त्याचा तो अध्यक्ष. वर्षभरात बाजाराच्या ऑफिसात कारकुनाची जागा निघाली तेव्हा तिला निरोप धाडणारा तोच, आणि पुढे संघाचे म्हातारे सेक्रेटरी निवृत्त झाले तेव्हा "हिलाच करा" म्हणून सभेत उभा राहणाराही तोच. कुणीतरी कुरकुर केली की बाईला आपली गुरं काय कळणार. एल्विन म्हणाला, "गुरं आपल्याला कळतात. आपल्याला माणसं सांभाळणारं कोणीतरी हवंय."

पुण्याहून आईचा फोन आला. "अगं, बँकेतली नोकरी सोडून तिथे साता समुद्रापार जाऊन गुरांच्या बाजारात बसलीस? लोकांना काय सांगू मी?"

"सांग, बाबांच्या वळणावर गेली," वैजयंती म्हणाली. पलीकडे वडिलांचं हसणं तेवढं ऐकू आलं.

काम बाकी काही सोपं नव्हतं. संघाचे वर्षाला दोन बाजार, एक वसंतात आणि एक शरदात. शरदातला मोठा. त्याच्या कितीतरी आधीपासून वैजयंती चिखलाचे बूट घालून सभासदांच्या शेतांवर फिरायची. कोण कोणती कालवड देणार, कोणाचा वळू तयार आहे, कानातले बिल्ले आणि वंशावळ जुळते का, हे सगळं बघून कॅटलॉग छापायचा. बाजाराच्या सकाळी आधी प्रदर्शन आणि मग लिलाव. प्रदर्शनाला परीक्षक असा शोधायचा की तो कुणाचा मेहुणा नसेल आणि कुणाशी त्याचं जुनं भांडणही नसेल. असा माणूस खोऱ्यात सापडणं कर्मकठीण, म्हणून ती लांबून कुणालातरी आणायची. मग बक्षिसाच्या फितींची फुलं, चहाचं पिंप, मटणाचे पॅटिस, आणि बक्षीस हुकलेल्याची समजूत. बाजाराच्या दिवशी सभासद पहाटे येऊन गुरांना साबणाने धूत, ड्रायरने वाळवत, शेपटीचे केस विंचरत. "आमच्याकडे मुलगी दाखवताना इतकं करायचे," असं तिने एकदा एल्विनला सांगितलं तेव्हा तो इतका हसला, की त्याच्या हातातलं दावं सुटलं आणि कालवड चहाच्या टेबलापर्यंत जाऊन आली.

तिचं नाव इंग्रज लोकांना कधी धड घेता आलं नाही, पण एल्विन पहिल्या दिवसापासून स्वच्छ 'वैजयंती' म्हणायचा. वेल्श माणसाला लिहिलंय तसं वाचायची सवय असते, असं त्याचं म्हणणं. त्याला आणि त्याच्या बायकोला, नेस्ताला, मूलबाळ नव्हतं. नेस्ता तनिषाला शाळेतून घेऊन यायची, आणि वैजयंतीचं ऑफिस सुटेपर्यंत पोर एल्विनच्या गोठ्यात रमायची. वासराला दावं लावून कसं चालवायचं, त्याच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं, ते अडून बसलं तर ओढायचं नाही, नुसतं थांबायचं, हे तिला एल्विनने शिकवलं. तो तिला 'तानी बाख' म्हणायचा. बाख म्हणजे बाळ, सोन्या, जे म्हणाल ते. नेस्ता गेली तेव्हा तनिषा परीक्षा बुडवून त्याच्याबरोबर गोठा सांभाळायला राहिली होती.

एल्विनचा कळप त्याच्या आजोबांपासून चालत आलेला. बाहेरून वळू येई, गाय कधी आणली नाही. त्यातली सेरेनची ओळ सर्वांत जुनी. त्या ओळीतल्या थोरल्या कालवडीचं नाव सेरेनच ठेवायचं, असा रिवाज. शरदातल्या बाजारात एल्विनची गुरं रिंगणात आली की बाहेर पॅटिस खात उभे असलेले लोकसुद्धा आत येत.

तनिषा गुरांची डॉक्टर झाली. पदवी घेऊन परत आली आणि ट्रेवर्नच्याच दवाखान्यात लागली. त्या शरदात एल्विनने रिंगणाच्या मधोमध उभं राहून माईकवर जाहीर केलं होतं, "आता माझी गुरं आजारी पडायची बिशाद नाही."

लोक हसले होते. वैजयंतीही.

*

त्या डोंगरांत गुरांचा टीबी हा कायमचा वैरी. जनावर धडधाकट दिसतं, चरतं, दूध देतं, आणि आत रोग असतो. म्हणून विक्रीच्या आधी प्रत्येक जनावराची तपासणी व्हावी लागते. डॉक्टर मानेवर दोन ठिकाणी सुई टोचतो, एक वर, एक खाली, आणि तिसऱ्या दिवशी येऊन तिथे आलेल्या गाठी मोजतो. खालची गाठ वरचीपेक्षा ठरलेल्या मापाच्या पुढे गेली, की ते जनावर मारावं लागतं आणि उरलेला कळप कुलपात. विक्री नाही, ने-आण नाही, पुन्हा पुन्हा तपासण्या स्वच्छ निघेपर्यंत.

त्या वर्षी शरदाच्या बाजाराआधी एल्विनच्या गुरांची तपासणी जो डॉक्टर करायचा तो रजेवर गेला आणि काम तनिषाकडे आलं.

"तू नको जाऊस," वैजयंती जेवताना म्हणाली. "दुसऱ्या कुणाला सांग."

"का? कोणीतरी जाणारच ना," तनिषा म्हणाली. तिचं मराठी घरात शिकलेलं. शब्द सगळे यायचे, लिंग मात्र आपल्या मर्जीने यायचं. "आणि त्याचा गाई माझ्याजवळ शांत उभा राहतात. नवीन माणूस आला की धिंगाणा करतात."

उदय भाजी वाढून घेत म्हणाला, "जाऊ दे गं तिला. दर वर्षी स्वच्छच निघतात."

सुया टोचून झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी वैजयंती ऑफिसात होती. कॅटलॉग छापून आला होता आणि त्याच्या मुखपृष्ठावर एल्विनचा वळू. फोन वाजला.

"आई." तनिषाचा आवाज खोल कुठून तरी आला. "गाठ आलाय. तीन गाईंना. मोठा आहे, डाऊटच नाही."

वैजयंती खुर्चीवरून उठून उभी राहिली. "आणि बाकीच्या?"

"बाकी क्लिअर. फक्त सेरेन." ती थांबली. "सेरेन लाइनवर आहे. मापाच्या एक मिलिमीटर पुढे."

पुढचं वैजयंतीला नंतर एल्विनकडूनच कळलं. त्या ओळीतली आताची सेरेन लोखंडी पिंजऱ्यात उभी होती, पोट दोन्ही बाजूंनी गजांना टेकलेलं, दिवस भरत आलेले. एल्विनने तिचं डोकं धरलं होतं. तनिषाने गाठ मोजायचं कॅलिपर लावलं, काढलं, पुन्हा लावलं. पुन्हा काढलं. एल्विनला काय चाललंय ते समजलं. आयुष्यभर त्याने या मापाकडे श्वास रोखून पाहिलेलं.

"जे असेल ते लिही, बाख," तो म्हणाला. "तुझ्या जागी दुसरं कोणी असतं तर कदाचित मी तोंड उघडलं असतं. तू आहेस, म्हणून नाही."

तनिषाने आकडा लिहिला.

संध्याकाळी ती घरी आली ती बूट न काढता स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली. उदयने तिच्यापुढे चहा ठेवला. वैजयंतीने दिवसभर फोन केले होते. एल्विनच्या कुरणाला ज्यांची कुरणं लागून होती त्यांना कळवायचं, त्याची जनावरं लिलावातून काढल्याचं लिलाव पुकारणाऱ्याला सांगायचं, कॅटलॉगमध्ये चिठ्ठी घालायची. कुणी 'अरेरे' म्हटलं, कुणी नुसताच फोन ठेवला. ती थकली होती, आणि डोळ्यांसमोरून सेरेन हलत नव्हती. ती ओट्याकडे तोंड करून म्हणाली,

"तीन गाईंचं समजलं गं. पण सेरेनचं… एक मिलिमीटर, तनू. बोटाचा दाब जरा इकडचा तिकडे झाला तरी होतो तेवढा फरक."

तिने वळून पाहिलं. तनिषा तिच्याकडे अशी बघत होती, की जणू स्वयंपाकघरात कोणी परकी बाई शिरली आहे.

"तू सेक्रेटरी आहेस," ती सावकाश म्हणाली. "तुझा कॅटलॉगवर लिहिलेला असतो ना, सगळी गुरं तपासलेली आहेत म्हणून? लोक ते वाचून विकत घेतात. ते कोण तपासतं असं वाटतं तुला?"

"मी तसं नाही म्हणत…"

"मग कसं म्हणतेस?"

उदय म्हणाला, "तनू, आई दमलीये."

"मी पण दमले बाबा," म्हणून ती उठली आणि वर गेली. चहा तसाच राहिला. वैजयंतीला त्याच क्षणी जिन्यावर धावत जाऊन तिला धरावंसं वाटलं, पण पाय उचलला नाही. आपण चुकलो हे तिला कळलं होतं. आणि सेरेन वाचायला हवी होती असंही अजून वाटत होतं. या दोन्ही गोष्टी घेऊन वर जाऊन काय सांगणार?

*

तीन गाई लॉरीतून गेल्या. सेरेनला लॉरीत चढवता येईना. दिवस इतके भरलेल्या गाईला प्रवास करायला मनाई असते. म्हणून बंदूकवाला माणूस शेतावरच यायचा होता.

त्या सकाळी वैजयंती ऑफिसात न जाता एल्विनकडे गेली. तनिषाला यायचं होतं, पण एल्विनने तिला फोन करून बजावलं होतं, "तू यायचं नाहीस. तुला उद्या परत कुणाच्या तरी गोठ्यात उभं राहायचंय." आई आणि मुलगी त्या सकाळी एकमेकींशी बोलल्या त्या एवढ्याच: "जाऊन येते." "हं."

एल्विनने सेरेनला स्वतः दावं लावून मागच्या गोठ्यात नेलं, ताजा पेंढा पसरला, पाठीवरून खरारा फिरवला. बंदूकवाला माणूस सभ्य होता. टोपी काढून म्हणाला, "तुम्ही आत जा, मिस्टर प्रॉसर."

"तिला सवय नाही परक्या माणसाची."

"मी बोलेन तिच्याशी."

वैजयंतीने एल्विनचा हात धरला आणि त्याला स्वयंपाकघरात आणलं. तो टेबलापाशी बसला. तिने किटली लावली. त्या घरातलं सगळं तिला ठाऊक होतं, नेस्ताने चमचे कुठल्या खणात ठेवले होते तेसुद्धा. बाहेर काही ऐकू येत नव्हतं, फक्त किटलीचा आवाज.

"तुझे वडील गुरांचे डॉक्टर होते ना," एल्विन म्हणाला. "त्यांना असं करावं लागलं कधी?"

"आमच्याकडे गाय मारत नाहीत," ती म्हणाली. "पण एकदा एका म्हशीचं रेडकू पोटातच अडलं होतं. ते तुकडे करून काढावं लागलं, म्हैस वाचावी म्हणून. घरी आल्यावर बाबा दोन दिवस जेवले नाहीत. आईने विचारलं, म्हशीसाठी? तर म्हणाले, 'म्हैस वाचली. तिच्या मालकिणीने माझे हात धुवायला पाणी दिलं, आणि धुताना ती माझ्या हातांकडे बघत होती.'"

एल्विनने मान हलवली. "तानीला कोणी पाणी दिलं नाही," तो म्हणाला. "मीही नाही. गाठ मोजून झाली आणि मी आत येऊन दार लावून घेतलं. पोर अंगणात उभी होती."

तेवढ्यात तो आवाज झाला. एकच. गोठ्याच्या पन्हळी पत्र्यावरून कावळे उडाले. एल्विन उठला नाही, त्याने फक्त दोन्ही तळवे टेबलावर उपडे ठेवले. वैजयंतीला एकाएकी ध्यानात आलं, की सेरेनच्या पोटात जे वासरू आहे ते अजून काही वेळ हलत असेल. म्हसवडच्या गोठ्यांत ऐकलेलं कधीचं तिच्या मनात होतं. तिने किटली बंद केली आणि खिडकीकडे पाठ करून उभी राहिली, म्हणजे एल्विनलाही त्या बाजूला बघावं लागू नये.

काही आठवड्यांनी अहवाल आला. त्या तीन गाईंच्या फुप्फुसांत रोग होता. सेरेनच्या शरीरात डोळ्यांना काही दिसलं नव्हतं.

"दिसलं नाही म्हणजे नव्हतं असं नाही," तनिषाने एल्विनला फोनवर सांगितलं. हे वाक्य तिने पुस्तकात वाचलं होतं, इतर शेतकऱ्यांना सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं. एल्विन म्हणाला, "माहितेय मला, बाख." फोन ठेवल्यावर तनिषा बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून खूप वेळ आत राहिली.

*

त्या अहवालाच्या आधीच शरदाचा बाजार आला होता. कमिटीत काहींचं म्हणणं होतं, की यंदा रद्द करावा. प्रॉसरच्या कळपात निघाला म्हटल्यावर घेणारे येणार नाहीत. डेरिक पार्फिट नावाचा एक सभासद होता, त्याचं कुरण एल्विनला लागून आणि त्याच्याही गुरांची आता पुन्हा तपासणी लागलेली. तो उठून म्हणाला, "जुना डॉक्टर असता तर एक मिलिमीटर पाहिला नसता. या नव्या पोरींना सगळं पुस्तकातलं."

वैजयंती सभेचं इतिवृत्त लिहीत होती. तिचं पेन थांबलं. तिच्याच ओट्यापाशी तिनेच बोललेलं वाक्य कुणी दुसऱ्याने भर सभेत फेकावं, तसं तिला झालं. तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्याआधी एल्विन बोलला.

"डेरिक, माझ्या गोठ्यात उभं राहून तिने जे केलं ते तुझ्याच गुरांसाठी केलं. बाजार होणार. पुढचा विषय."

वैजयंतीने मान वर केली नाही. बोलायचं होतं ते तिने बोलायला हवं होतं, आणि बोलला तो एल्विन. घरी येऊन तिने हे तनिषाला सांगितलं नाही. मुलीला ते गावातून दुसऱ्याच दिवशी कळलं. पार्फिट काय म्हणाला ते, आणि आई गप्प बसली हेही.

बाजाराच्या दिवशी पाऊस नव्हता, लख्ख ऊन होतं. एल्विनच्या गुरांसाठी दर वर्षी ठेवलेले मधल्या रांगेतले कप्पे वैजयंतीने रिकामेच ठेवायला सांगितले होते. माणसांनी गर्दीमुळे ते मागितले तरी तिने दिले नाहीत. एल्विन आला, टाय लावून, छातीवर अध्यक्षाचा बिल्ला. त्याने रांगेवरून एक नजर फिरवली आणि तिला बाजूला घेतलं.

"हे काय?"

"राहू दे ना, एल्विन. एक वर्ष."

"वैजयंती, रिकामा कप्पा बघितला की घेणारा विचारतो, इथलं जनावर कुठे गेलं? भर ते."

तिने भरले. पार्फिटची वासरं नव्हती, ती कुलपात होती. डोंगरापलीकडच्या एका तरुण जोडप्याच्या कालवडी तिथे बांधल्या. लिलाव झाला. बोली रेंगाळत होती, निम्मी जनावरं परत ट्रेलरमध्ये चढली. एल्विन शेवटपर्यंत रिंगणाच्या कडेला उभा राहिला, प्रत्येक जनावर आत आलं की मान डोलवत राहिला. तनिषा आली नाही. तिला त्या दिवशी ड्यूटी होती असं ती म्हणाली.

*

पुढच्या तपासणीत आणखी गाई निघाल्या. त्या पुढच्यात आणखी. ती तपासणी आता दुसरा डॉक्टर करत होता. हिवाळा सरताना एल्विनने उरलेली गुरंही कत्तलखान्याला देऊन टाकली. नियमाने तेवढंच करता येत होतं. त्याने गोठा धुतला, अध्यक्षपद सोडलं, आणि पहाटे उठायची सवय मात्र त्याला सुटेना. गावातल्या लोकांना तो भल्या सकाळी रस्त्याने चालताना दिसायचा, हातात काठी, पुढे जनावर नाही.

तनिषाने ट्रेवर्नचा दवाखाना सोडला. मँचेस्टरला कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात तिला नोकरी मिळाली. निघताना तिने आईला मिठी मारली, पण ती मिठी स्टेशनवरच्या कुणालाही मारावी तशी होती. फोन यायचे. हवा, जेवण, बाबांचा रक्तदाब. गुरांचं नाव दोघींपैकी कोणी काढत नव्हतं. उदय एकदा म्हणाला, "तू सरळ सॉरी म्हण की तिला." वैजयंती म्हणाली, "फोनवर?" आणि मग महिने गेले.

एल्विनकडे ती दर रविवारी जायची. पोळ्या आणि बटाट्याची भाजी त्याला आवडायची. तो तनिषाची चौकशी करायचा. "मांजरं बरी," म्हणायचा. "मांजरांचा कळप नसतो." दुसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, तो अंगणात पडला आणि पोस्टमनला सापडला. हृदय थांबलं होतं.

तनिषा मँचेस्टरहून आली. चॅपेल भरलेलं होतं. संघातले झाडून सगळे सभासद काळे कोट घालून आले होते. बाकावर जागा नव्हती म्हणून तनिषा मागे दारापाशी उभी राहिली. डेरिक पार्फिटने मागे वळून पाहिलं. त्याच्या कळपाचाही एव्हाना निम्मा भाग गेला होता. तो उठला, तिच्यापाशी आला, तिच्या कोपराला हात लावून तिला आपल्या जागी नेऊन बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला. लोकांनी वेल्शमध्ये गायला सुरुवात केली. तनिषाला लहानपणापासून ते शब्द येत होते. ती गात होती आणि तिचा चेहरा ओला होत होता, आणि पुढच्या बाकावरची वैजयंती मुलीचा आवाज इतर आवाजांतून वेगळा काढून ऐकत होती.

नंतर गाडीत दोघी बसल्या. वैजयंतीने किल्ली लावली पण फिरवली नाही.

"त्या दिवशी मी बोलले ते चुकलं," ती म्हणाली. "आणि सभेत बोलायला हवं होतं तिथे गप्प बसले. ते जास्त चुकलं."

तनिषा काचेतून कबरीकडे जाणाऱ्या लोकांकडे बघत होती.

"मी खूपदा मोजला होता, आई," ती म्हणाली. "पहिल्यांदा मोजला तेव्हाच समजला होता. तरी परत मोजला, परत मोजला. मी वाट बघत होते की एकदा तरी कमी येईल आणि मी तोच लिहीन." तिने नाक पुसलं. "मग तू घरी तेच म्हणाली. मला वाटलं, हिला कसं कळलं."

वैजयंतीने हात पुढे केला. तनिषाने तो घेतला, थोडा वेळ धरला, आणि सोडला. "माझा गाडी साडेचारचा आहे," ती म्हणाली. वैजयंतीने किल्ली फिरवली.

ट्रेवर्नचा शरदातला बाजार त्यानंतर भरला नाही. तेवढी गुरंच उरली नव्हती. संघ डोंगरापलीकडच्या मोठ्या संघात मिळाला. तिथल्या लोकांनी वैजयंतीला सेक्रेटरीच्या हाताखाली ठेवून घेतलं. आता ती लांब गाडी चालवत जाते, त्यांचे कॅटलॉग करते, त्यांच्या परीक्षकांची बडदास्त ठेवते. तिकडच्या लोकांना तिचं नाव नीट घेता येत नाही आणि ती ते दुरुस्त करत नाही. ट्रेवर्नच्या बाजाराच्या आवारात आता घरं बांधताहेत.

तनिषाचे फोन येतात. गेल्या आठवड्यात तिने आपणहून विचारलं, "यंदा चॅम्पियन कोण झाला?" वैजयंतीने सांगितलं, एका तरुण जोडप्याची कालवड, लांब पाठीची, चालायला देखणी. तनिषाने आणखी विचारलं, शिंगं कशी आहेत, पाय कसे आहेत. वैजयंती सांगत राहिली. मग पलीकडे कुणीतरी हाक मारली, कुठल्यातरी कुत्र्याची भूल उतरत होती, आणि तनिषा म्हणाली, "ठेवते, आई."

"ठेव," वैजयंती म्हणाली.